‘मसण’ हा शब्द आणि आपण



गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल भाजे लेण्यांना गेली होती. मळवली स्टेशनवर उतरून मुले चालत डोंगर चढली. मोठे चैत्यगृह पाहून झाले आणि थोडे पुढे गेल्यावर आम्ही एका वेगळ्या जागी आलो. तेथे दगडात कोरलेले चौदा स्तूप जवळजवळ उभे आहेत. पाच कपारीच्या आत आहेत आणि नऊ बाहेर उघड्यावर. ते त्या लेण्यांत राहून गेलेल्या थोर भिक्खूंचे आहेत. काहींवर ब्राह्मी अक्षरांत नावे आहेत : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. नावाआधी ‘थेर’ आणि नावानंतर ‘थूप’ असे शब्द आहेत. हे मी मुलांना सांगत असता सहावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे हे मसणच की!”

मी म्हणालो, “होय, मसणच.”

दोन-तीन मुले मागे सरकली. मग सगळीच हसली आणि त्या स्तूपांच्या मधे बसली. माझ्या सहकाऱ्याने फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीची आजी शाळेच्या फाटकाशी उभी. या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. घरातला देव्हारा काढला, बावीस प्रतिज्ञांचा कागद भिंतीला लावला. आजी म्हणाली, “गुरुजी, तुमच्यावर इश्वास टाकून पोरगी पाठिवली. आन् तुम्ही तिला मसणात बसवून फोटू काढला?” तिने नातीला दारातच आंघोळ घातली होती आणि मीठ-मोहरी उतरवून टाकली होती.

मी घाबरलो. पटकन म्हणालो, “आजी, ते मसण नव्हे. ते स्तूप आहेत.” तिचे समाधान झाले आणि ती गेली.

वाचकहो, त्या दिवसापासून मला चैन नाही. नातीला मी ‘होय’ म्हणालो आणि आजीला ‘नव्हे’. दोघींपैकी एकीला मी खोटे सांगितले. पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो. म्हणून त्या शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिले. जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी आपल्या तोंडातला शब्द घेऊ. ‘मसणात जा’, ‘मसण्या’, ‘गेलं मसणात’ अशा शिव्याशापांतच हा शब्द आपण वापरतो. शिकलेला माणूस ‘मसण’ म्हणत नाही, तो ‘स्मशान’ म्हणतो आणि त्याची ‘स्मशानशांतता’ व ‘स्मशानवैराग्य’ पुस्तकात शोभते. शब्द एकच आहे. संस्कृतात ‘श्मशान’, प्राकृतात ‘मसाण’ आणि आपल्या मराठीत ‘मसण’. पहिला श गळाला एवढेच. तोच शब्द भटजीच्या तोंडी शुद्ध आणि आपल्या तोंडी ओंगळ, असा हा व्यवहार आहे! शहरांतून तर दोन्ही शब्द नकोसे झाले आहेत. तेथे पाटीवर ‘वैकुंठ’ असते, ‘मोक्षधाम’ असते, ‘अमरधाम’ असते. जेथे एकही अमर माणूस येत नाही त्या जागेला अमरधाम म्हणायचे, ही भीतीवर घातलेली चादर आहे.

या शब्दाचा मूळ अर्थ मात्र भीतीचा नाही. यास्क नावाच्या प्राचीन व्याकरणकाराने ‘निरुक्त’ या ग्रंथात त्याची फोड केली आहे. ‘श्म’ म्हणजे शरीर आणि ‘शान’ म्हणजे शयन, तेव्हा श्मशान म्हणजे शरीर निजण्याची जागा. मोनियर विल्यम्सच्या प्रसिद्ध संस्कृत कोशात दुसरी शक्यता दिली आहे. ‘अश्म’ म्हणजे दगड, तेव्हा श्मशान म्हणजे दगडाचे शयन असावे. कोणतीही फोड धरा, निजणे दोन्हींत आहे. ख्रिस्ती लोक ज्याला सेमेटरी म्हणतात तो शब्दही मूळ ग्रीक भाषेत ‘निजण्याची जागा’ असाच आहे. हजारो कोसांवरच्या दोन लोकांनी मेलेल्या आप्ताला पाहून एकच गोष्ट मनात आणली, की हा दमला, आता निजला. यात विटाळ कोठे आहे?

विटाळ आला तो ग्रंथांतून. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात श्मशान कसे करावे याचे सविस्तर विधान आहे. तेथे श्मशान म्हणजे अस्थींवर रचलेला ढिगारा. तो गावातून दिसेल अशा जागी करू नये, कारण तो जणू खूण करून बोलावतो आणि घरातला दुसराही लवकर मरतो. तो वाटेवर करू नये, उघड्यावर करू नये. आणखी एक गोष्ट तेथे आहे. देवांचे लोक चौकोनी श्मशान करतात. असुर आणि पूर्वेकडचे लोक वाटोळे करतात. पूर्वेकडचे हे लोक कोण, हे ग्रंथ सांगत नाही आणि मीही ओढूनताणून सांगणार नाही. परंतु मगध, वैशाली, कुशिनारा ही सारी पूर्वेकडची. आपले स्तूप वाटोळे आहेत. भाज्याला मुले ज्यांना टेकून बसली तेही वाटोळेच.

आता दुसरे चित्र पाहा. महापरिनिब्बान सुत्तात आनंद तथागतांना विचारतो, आपल्या देहाचे काय करावे? तथागत उत्तर देतात की चक्रवर्ती राजाच्या देहाचे जसे करतात तसे करावे आणि जेथे चार महामार्ग मिळतात तेथे स्तूप उभारावा. गावापासून लपवून नव्हे, वाटेपासून दूर नव्हे. चारी दिशांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा चव्हाट्यावर! कुशिनारेला दहन झाल्यावर द्रोण नावाच्या ब्राह्मणाने अस्थींचे आठ भाग केले. राजगृहाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, रामगामचे कोलीय, पावा आणि कुशिनारा येथील मल्ल अशांनी ते नेले. द्रोणाने रिकामे भांडे घेतले, उशिरा आलेल्या पिप्फलिवनाच्या मोरियांनी निखारे नेले. असे दहा स्तूप झाले. मेलेल्याच्या हाडांना शिवू नये असे मानणारे हे लोक नव्हते. ते हाडांसाठी भांडायला निघाले होते.

‘चैत्य’ हा आपला आवडता शब्द. तो ‘चि’ या धातूपासून झाला. चि म्हणजे रचणे, ढीग करणे. ‘चिता’ त्याच धातूची. चैत्यभूमीवर दर ६ डिसेंबरला आपण रांगेत तासन् तास उभे राहतो. ती कसली भूमी आहे? ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या त्या चौपाटीवर बाबासाहेबांची चिता रचली गेली, आणि त्या चितेजवळच हजारो लोकांनी दीक्षा घेतली. शेजारी आजही स्मशानभूमी आहे. जगात कुठे कुणी स्मशानात उभे राहून नव्या जीवनाची शपथ घेतली असेल, तर ती आपल्या माणसांनी. आणि आपणच घरी येऊन पोरीला मीठ-मोहरी उतरवतो!

पालीत श्मशानाला ‘सुसान’ म्हणतात. एका सभेत एका वक्त्याने ‘सु’ म्हणजे चांगले, म्हणून सुसान म्हणजे चांगली जागा असे सांगितले आणि टाळ्या मिळवल्या. ते खरे नाही. तो नुसता उच्चाराचा बदल आहे. आपल्याला टाळ्यांसाठी खोट्या व्युत्पत्तीची गरज नाही, खरे पुरेसे मोठे आहे. जेथे प्रेत न जाळता तसेच टाकून देत त्या जागेला ‘आमकसुसान’ म्हणत. दुसरा शब्द ‘सीवथिका’. सतिपट्ठान सुत्तात सीवथिकेची नऊ चिंतने आहेत. भिक्खूने टाकलेले प्रेत पाहावे : एक दिवसाचे, दोन दिवसांचे, फुगलेले, काळेनिळे पडलेले. मग कावळ्या-गिधाडांनी टोचलेले. मग हाडांचा सापळा, मग विखुरलेली हाडे, शंखासारखी पांढरी झालेली हाडे, शेवटी हाडांचे पीठ. आणि प्रत्येक वेळी मनाशी म्हणावे की माझा देहही याच स्वभावाचा आहे, यातून सुटका नाही. यात भूत नाही, हडळ नाही, मुंजा नाही. मंत्र, गंडा, दोरा नाही. डोळे उघडे ठेवून पाहणे एवढेच आहे. सहावी प्रतिज्ञा आपण घेतो की श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. ती पाळायची तर मसणाची भीती आधी जावी लागते. पिंड आणि कावळा त्या भीतीवरच जगतात.

इथपर्यंत लिहिले आणि थांबलो. माझे मलाच वाटले, हे फार सोपे झाले. मसणाची आपल्या लोकांना नुसती भीती असती तर गोष्ट वेगळी होती. आपल्याला त्या जागेशी बांधून घातले होते.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात एका श्लोकात या लोकांनी कोठे राहावे ते सांगितले आहे : चैत्यवृक्षांपाशी, श्मशानात, डोंगरांवर, उपवनांत. चैत्य आणि श्मशान हे दोन्ही शब्द त्या एकाच ओळीत शेजारी बसले आहेत, हे वाचून मी चमकलो. पुढे चांडाळांविषयी म्हटले आहे की त्यांनी गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, बेवारस प्रेते उचलावीत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी हा ग्रंथ का जाळला, हे नव्या पिढीला यातून कळावे.

हे पुस्तकातच राहिले नव्हते. माझा आजा येसकर होता. गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा घेऊन त्याने धावायचे, सरणाची लाकडे त्याने वाहायची, आणि मोबदला म्हणून प्रेतावरचे कापड त्याचे. त्याला ‘हक्क’ म्हणत! माझ्या वडिलांचे पहिले अंगडे त्या कापडाचे होते. वडील हे सांगताना आवाज खाली करीत, जणू चोरी त्यांनीच केली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारे विधेयक आणले ते या हक्काच्या बेडीवर घाव घालण्यासाठी. ती कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. बाबासाहेब ते पाहायला नव्हते.

आता एक अवघड गोष्ट येते. भिक्खूंच्या तेरा धुतांगांत पहिले आहे पांसुकूलिकांग. धुळीत, उकिरड्यावर, सुसानात टाकलेली चिंधी वेचून तिचे चीवर करायचे. अकरावे सोसानिकांग, म्हणजे सुसानातच राहायचे. म्हणजे प्रेतावरचे कापड भिक्खूही पांघरीत होता! मग माझ्या वडिलांच्या अंगड्यात आणि भिक्खूच्या चीवरात फरक काय? महाविद्यालयात असता एका मित्राने मला हाच प्रश्न टाकला होता : तुमच्या धर्माने तुमच्या लाचारीलाच सोन्याचा मुलामा दिला नाही काय? तेव्हा मला उत्तर आले नव्हते.

आज मी असे उत्तर देईन. कापड एकच आहे, परंतु भिक्खूने ते वाकून उचलले आणि माझ्या आजाच्या अंगावर ते फेकले गेले. भिक्खू ते केव्हाही सोडू शकत होता. धुतांग ऐच्छिक आहे आणि तथागतांनी ते सर्वांना सक्तीचे करा ही देवदत्ताची मागणी नाकारली होती. आजाला ते सोडण्याची सोय नव्हती. तो सोडतो म्हणाला असता तर गावाने त्याचे पाणी तोडले असते. भिक्खूत शाक्य राजपुत्र होते आणि उपालीसारखा न्हावीही होता, चिंधी सर्वांना एकच होती. आजाची चिंधी त्याच्या जातीपुरती होती. म्हणून जो कोणी आपल्याला सांगेल की तुमचे पूर्वज मसणात राहत होते म्हणजे ते मोठे वैरागी होते, त्याला नमस्कार करून वाटेला लावा. सक्तीतून वैराग्य होत नाही.

या संदर्भात धम्मपदाच्या अट्ठकथेतला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. सुसानात राहू इच्छिणाऱ्या भिक्खूने तिघांना आधी कळवावे : विहारातल्या वडील थेरांना, गावच्या अधिकाऱ्याला आणि सुसानाच्या राखणदाराला. कारणही व्यवहारी आहे. चोर पळताना चोरीचा माल तेथे टाकतात आणि माणसे मागोमाग येऊन भिक्खूलाच धरतात, म्हणून आधी माहिती दिलेली बरी. परंतु राखणदाराकडे पाहा. मनूच्या लेखी जो माणूस गावाबाहेरचा, ज्याची सावली नको, त्याला भिक्खूने जाऊन सांगायचे की मी आपल्या जागेत राहायला येत आहे. गावच्या अधिकाऱ्याला कळवायचे तसेच त्यालाही. एवढ्या एका ओळीत मला दोन जगांतले अंतर दिसते.

आणि हे अंतर अजून मिटलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तामिळनाडूत वाणियंबाडीजवळ एका दलित माणसाचे प्रेत दोरांनी बांधून पुलावरून खाली सोडावे लागले, कारण स्मशानाकडची वाट ज्यांच्या शेतातून जात होती त्यांनी ती अडवली होती. मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. आपल्याकडेही कित्येक गावांत पाणवठा एक झाला, शाळा एक झाली, परंतु सरणाची जागा वेगळीच आहे. मेल्यावरही जात लाकडांबरोबर जळत नाही.

आमच्या गावात सध्या वर्गणी गोळा होत आहे. आपल्या दहनाच्या जागेला भिंत घालावी आणि निळ्या रंगात ‘बौद्ध स्मशानभूमी’ अशी मोठी पाटी लावावी असे तरुणांचे म्हणणे आहे. त्यांचा उत्साह खोटा नाही. आजवर तेथे पत्रा नव्हता, पावसाळ्यात प्रेत भिजत असे. निदान आता शेड होईल. शेडसाठी मी माझी वर्गणी दिली. पाटीबद्दल मात्र माझे मन तयार होत नाही. वेगळी जागा आपण मागून घेतलेली नाही. ती आपल्याला नेमून दिलेली आहे. तिला निळा रंग दिला म्हणून ती आपण निवडली असे होईल काय? तरुण मला म्हणाले, “सर, मुसलमानांना कब्रस्तान आहे, ख्रिस्त्यांना दफनभूमी आहे, मग आपल्याला का नको?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु त्यांची जागा त्यांच्या विधीमुळे वेगळी आहे, ते पुरतात. आपण जाळतो आणि गावही जाळतो. जागा वेगळी राहिली ती जातीमुळे. माझे मत असे की पाटीवर नुसते ‘स्मशानभूमी’ लिहावे आणि ग्रामपंचायतीकडे गावाच्या एकाच स्मशानाची मागणी लावून धरावी. यावर आमच्या विहारात दोन बैठका झाल्या, निर्णय झालेला नाही. तुमच्या गावात काय केले ते जरूर कळवा.

गेल्या रविवारी मी त्या आजीच्या घरी गेलो. सांगायला जड गेले. म्हणालो, “आजी, त्या दिवशी मी तुम्हांला खोटं सांगितलं. ते मसणच आहे. भिक्खूंचं मसण. आणि तिथं बसल्यानं पोरीला काही होत नाही.” मग वर लिहिलेले सारे सोपे करून सांगितले. शेतातून मुलगा आला, सून चुलीपुढून उठून दाराशी उभी राहिली.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमचे मालक गेले तवा मला येशीपाशीच थांबवलं. बाईमाणसानं म्होरं येऊ नये म्हनले. चाळीस वर्सं संसार केला, शेवटचा जाळ काय म्यां बघितला न्हाई.” आणि विचारले, “तुमच्या त्या पालीत बाईला मनाई हाय का?”

मी म्हणालो, “नाही.”

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही काही शिक्षक आणि विहारातली मंडळी तेथली झाडझूड करणार आहोत, ते मी तिच्या कानावर घातले. आपणही यावे असे म्हणालो. आजीचा उभा जन्म नगरपालिकेच्या झाडूकामात गेला आहे. ती माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, “येते. पर खराटा मी धरणार न्हाई, गुरुजी. लई धरला.”

मी म्हटले, “खराटा मी धरतो. तुम्ही बसा.”

“कुठं बसू?” तिने विचारले. आणि मग स्वतःच म्हणाली, “त्येंना जाळलं तिथं बसते.”